फुटबॉलवरून मन उडालेल्यांसाठी रग्बी हा खरोखर पर्याय आहे का?

लेस्टरवासी

मी बरीच वर्षे इंग्लंडमधील लेस्टर शहरात राहत आहे. फुटबॉलचे किंग पॉवर स्टेडियम आणि लेस्टर टायगर्स या रग्बी संघाचे वेल्फर्ड रोड मैदान येथे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे दोन्ही खेळांचे प्रेक्षक रस्त्यात, कचेरीत आणि शेजारात रोज भेटतात. 2016 साली सट्टेबाजांनी 5000 ला 1 असा भाव दिलेला लेस्टर सिटीचा संघ प्रीमियर लीग जिंकला, तेव्हा पैशाच्या या खेळात अजूनही असे घडू शकते म्हणून साऱ्या जगाने आनंद मानला. त्याला दहा वर्षेही झाली नव्हती तोच याच शहरातील माझे काही फुटबॉलवेडे सहकारी वेल्फर्ड रोडची सीझन तिकिटे काढू लागले. संघ खालच्या विभागात घसरला म्हणून ते तिकडे गेले असे कोणी समजू नये. घसरणीची त्यांना पिढीजात सवय आहे.

त्यांची तक्रार मला पटते, कारण ती माझीही आहे. माझा क्लब लंडनमधला आहे आणि त्याचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. बाहेरगावी होणारा त्याचा एक सामना शनिवारी दुपारी जाहीर झाला आणि नंतर दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी सोमवारी रात्री ढकलला गेला. परतीची शेवटची गाडी सामना संपण्यापूर्वीच सुटत असल्यामुळे हातात तिकीट असून मला तो घरी बसून पाहावा लागला. पैसे परत मिळाले नाहीत याचे फारसे दुःख नाही. स्टेडियममध्ये येणारा माणूस वेळापत्रक ठरवताना कोणाच्या खिजगणतीतही नसतो, हे त्या दिवशी जितके लख्ख दिसले तितके आधी दिसले नव्हते.

बाकीचे सर्वांना ठाऊकच आहे. 2019 च्या हंगामापासून प्रीमियर लीगमध्ये व्हीएआर, म्हणजे दूरच्या खोलीत बसून व्हिडिओवर निर्णय तपासण्याची पद्धत, आले आणि गोल झाल्यावर ओरडावे की आधी पडद्याकडे पाहावे हा प्रश्न पडू लागला. एप्रिल 2021 मध्ये इंग्लंडच्या सहा क्लबांनी युरोपातील आणखी सहांना हाताशी धरून बंद दाराची, म्हणजे संस्थापक क्लब कधीच बाहेर न पडणारी, सुपर लीग जाहीर केली. प्रेक्षक रस्त्यावर उतरले म्हणून ती दोन-तीन दिवसांत कोसळली हे खरे, पण ज्यांनी ती आखली त्यांपैकी बहुतेक जण आपापल्या खुर्च्यांवर कायम राहिले. मँचेस्टर सिटीवर फेब्रुवारी 2023 मध्ये आर्थिक नियम मोडल्याचे शंभराहून अधिक आरोप ठेवले गेले, आणि तेव्हापासून प्रेक्षकांना खेळाइतकाच वकिलांचाही अभ्यास करावा लागत आहे. चॅम्पियन्स लीगमध्ये आता 36 संघ आहेत, विश्वचषकात 48, आणि त्यांना जागा करून देण्यासाठी इंग्लंडच्या एफए कप या बाद स्पर्धेतील बरोबरीनंतरचे फेरसामने 2024 पासून मुख्य स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. लहान क्लबांना वर्षभर पुरेल एवढा पैसा कधीकधी त्या एका फेरसामन्यातून मिळत असे.

सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर मी वेल्फर्ड रोडवर जाऊन आलो. दोन्ही संघांचे समर्थक एकाच रांगेत मांडीला मांडी लावून बसले होते. जागेवर बसून बिअर पिण्याची तेथे मुभा आहे. फुटबॉलमध्ये मैदान दिसेल अशा जागी मद्य घेणे 1985 च्या कायद्याने बंद आहे. पावणेसात फुटी खेळाडू रेफरीने हाक मारताच मान खाली घालून उभा राहिला, हे दृश्य तर मला अद्भुतच वाटले.

माझा प्रश्न असा की ही सभ्यता त्या खेळाच्या घडणीतून आली आहे, की तिकडे पैसा अजून पुरेसा पोहोचला नाही एवढाच तिचा अर्थ आहे? आणि फुटबॉलवर वाढलेल्या माणसाने चाळिशीनंतर रग्बीवर निष्ठा बसवावी म्हटले तर ती बसते का? जाणकारांनी कृपया लिहावे.

टचलाइन (कार्डिफ)

आपला प्रश्न दुहेरी आहे. मी पहिल्या भागाबद्दलच अधिकाराने बोलू शकतो, कारण मी येथे मुलांच्या सामन्यांत शिट्टी वाजवतो आणि त्यापूर्वी मुंबईत जिमखान्याच्या चिखलात पावसाळी रग्बी खेळलेलो आहे.

रग्बीपटूंचे रेफरीशी वागणे चांगले असते ते त्यांच्या आया-बापांनी संस्कार केले म्हणून, असे सांगणारे लोक तुम्हाला येथे भेटतील. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. ते वागणे नियमांनी विकत घेतलेले आहे. रेफरीशी बोलण्याचा अधिकार कर्णधाराला. इतर कोणी हुज्जत घातली तर पेनल्टीची, म्हणजे नियमभंगाबद्दल दुसऱ्या संघाला मिळालेल्या किकची, जागा दहा मीटर पुढे सरकते. दहा मीटर म्हणजे किती, हे गुणफलकाच्या भाषेत समजून घ्यावे लागते. मधल्या रेषेजवळची पेनल्टी सहसा गोलखांबांत मारता येत नाही, पण दहा मीटर पुढे आली की चांगला किकर तीन गुण मिळवतो. म्हणजे तोंडाळ खेळाडू आपल्याच संघाचे तीन गुण घालवतो, आणि मग त्याला गप्प करण्याचे काम रेफरीऐवजी त्याचे चौदा सहकारी करतात. त्यावर पिवळे कार्ड मिळाले तर दहा मिनिटे बाहेर बसणे आलेच.

हीच युक्ती इंग्लंडच्या फुटबॉलने 2000 च्या सुमारास करून पाहिली होती आणि 2005 मध्ये सोडून दिली. तिच्या अपयशाची कारणे बरीच सांगतात. मला त्यातले भूमितीचे कारण सर्वांत महत्त्वाचे वाटते. फुटबॉलमध्ये पुढे सरकणे हा नेहमीच फायदा नसतो. पंचवीस यार्डांवरील फ्री किक पंधरा यार्डांवर आणली तर खेळाडूंच्या भिंतीवरून चेंडू उचलून पुन्हा गोलपट्टीखाली उतरवायला जागाच उरत नाही. शिक्षा झालेल्या संघाला शिक्षा जाणवलीच नाही तर तो कशाला सुधारेल?

दुसरी गोष्ट उघडेपणाची. व्हीएआरवरील राग हा तंत्राविरुद्धचा राग आहे असे मला वाटत नाही. तो बंद खोलीविरुद्धचा राग आहे. 30 सप्टेंबर 2023 चा टॉटनहॅम-लिव्हरपूल सामना आठवा. लुईस दियासने गोल केला, सहायकाने ऑफसाइडचा झेंडा वर केला, खोलीतल्या मंडळींनी रेषा आखून पाहिल्या आणि तो ऑफसाइड नव्हता हे त्यांच्या लक्षात आले. पण मैदानावर गोल दिला गेला आहे अशा समजुतीत त्यांनी 'तपासणी पूर्ण' असे सांगून टाकले. खेळ सुरू झाला, मग घोटाळा ध्यानात आला, आणि आता काहीच करता येणार नाही असे ठरले. त्या खोलीतले संभाषण लोकांना ऐकायला मिळाले ते तीन दिवसांनी. रग्बीत असा गैरसमज होणे फार अवघड आहे, कारण रेफरी आधी आपला मैदानावरील निर्णय मोठ्याने सांगतो, मग काय तपासायचे ते सांगतो, आणि हे सारे दूरचित्रवाणीवर घराघरांत ऐकू जाते. मैदानात कानाला लावायचे छोटे यंत्र घेऊन बसलेले प्रेक्षकही ते ऐकतात. टीएमओचा, म्हणजे व्हिडिओ पाहणाऱ्या रग्बी पंचाचा, निर्णय आपल्याला पटतोच असे नाही, परंतु तो कसा झाला हे कळते, आणि हरलेल्या माणसाला एवढेही पुष्कळ असते.

वेल्सचे रेफरी नायजेल ओवेन्स यांनी 2012 मध्ये हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला कर्णधारासह बोलावून 'हे सॉकर नव्हे' असे सुनावले होते, आणि ते वाक्य येथे अजून लोकांच्या तोंडी आहे. मला स्वतःला त्यातला तोरा आवडत नाही. आता फुटबॉलही हळूहळू तेच शिकत आहे: युरो 2024 मध्ये केवळ कर्णधाराने रेफरीकडे जावे असा दंडक होता, 2023 च्या महिला विश्वचषकात व्हीएआरचे निर्णय रेफरींनी ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले, आणि इंग्लंडच्या तळागाळातील सामन्यांत हुज्जतीबद्दल दहा मिनिटे बाहेर बसवण्याचा नियम 2019 पासून आहे. तेव्हा आपल्या सहकाऱ्यांना जे हवे आहे त्यातले निम्मे तरी खेळ न बदलता मिळू शकते.

गिगलेन शेजारी (बरी)

टचलाइन यांनी नियमांचे जे सांगितले ते मला मान्य आहे. पण मूळ प्रश्नात 'पैसा अजून पोहोचला नाही' असे जे म्हटले आहे, त्यातले गृहीतकच तपासायला हवे.

मी ज्या बरी गावात राहतो त्या गावाचा फुटबॉल क्लब 1885 सालचा. 1900 आणि 1903 अशी दोनदा त्याने एफए कप जिंकला, आणि दुसऱ्या वेळी अंतिम सामन्यात डर्बी काउंटीवर 6-0 अशी मात केली. अंतिम सामन्यातील एवढ्या मोठ्या विजयाशी पुढे शंभराहून अधिक वर्षे कोणालाही बरोबरी करता आली नाही. ती केली मँचेस्टर सिटीने, मे 2019 मध्ये, वॉटफर्डविरुद्ध. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस बरीच्या क्लबाला आर्थिक दिवाळखोरीपायी लीगमधून काढून टाकण्यात आले. सिटीच्या आणि आमच्या मैदानांमध्ये थोड्याच मैलांचे अंतर आहे. आधुनिक फुटबॉलवर कोणी व्याख्यान मागितले तर मी एवढेच सांगतो आणि खाली बसतो.

परंतु यातून वाचण्यासाठी रग्बीत जा असे जर कोणी मला सांगू लागले, तर मी त्याला विचारीन की कोणत्या रग्बीत? आमच्या उत्तरेत रग्बी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर विगन, सेंट हेलन्स, लीड्स येतात, म्हणजे रग्बी लीग; आपण वेल्फर्ड रोडवर पाहिला तो खेळ रग्बी युनियन, वेगळा. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी वेगळी संघटना काढली त्यामागचे कारण आजच्या चर्चेला थेट भिडते. खाणीत आणि गिरणीत काम करणारा खेळाडू शनिवारी सामन्यासाठी सुटी घेई तेव्हा त्याची मजुरी बुडे. ती बुडालेली मजुरी भरून द्यावी एवढीच उत्तरेची मागणी होती. दक्षिणेतील सुखवस्तू मंडळींना तो हौशीपणाचा भंग वाटला. त्यानंतर शंभर वर्षे, म्हणजे ऑगस्ट 1995 पर्यंत, रग्बी युनियनने खेळाडूला उघडपणे पैसे देणे निषिद्ध मानले. ज्या नम्रतेचे आणि निर्मळपणाचे आपण कौतुक करत आहात तिच्यात या शंभर वर्षांचा वाटा मोठा आहे, आणि तिची किंमत कोणी चुकवली हे कार्डिफमध्ये बसून कदाचित तितके दिसणार नाही. (वेल्समध्ये युनियन हाच खाणकामगारांचा खेळ होता हे मला माहीत आहे; त्यांचे उत्तमोत्तम खेळाडू पैशासाठी उत्तरेला येत आणि मग गावी तोंड दाखवण्याची चोरी होत असे.)

आता पैशाचे. 1995 नंतर रग्बी युनियनने फुटबॉलच्या तोडीचे उत्पन्न न मिळवता फुटबॉलसारखा खर्च मात्र करून पाहिला. 2022 च्या शरद ऋतूत वूस्टर आणि वॉस्प्स हे दोन क्लब बुडाले, जून 2023 मध्ये लंडन आयरिश निलंबित झाले. एका हंगामात इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमधले तीन संघ नाहीसे झाले. सॅरासन्स या लंडनच्या क्लबाने खेळाडूंच्या पगारांवरील मर्यादा धाब्यावर बसवल्याबद्दल 2019 मध्ये 50 लाख पौंडांहून अधिक दंड भरला आणि पुढे ते खालच्या विभागात गेले. आपल्या लेस्टर टायगर्सनाही 2022 मध्ये जुन्या हंगामांतील उल्लंघनांपायी तीन लाख पौंडांहून अधिक दंड झाला होता. आपल्या सहकाऱ्यांनी तो सांगितला नसावा. मैदानावर खराब खेळ केला म्हणून सर्वोच्च लीगमधून खाली गेलेला शेवटचा क्लब न्यूकॅसल, तोही 2019 मध्ये. म्हणजे सुपर लीगचे जे बंद दार पाहून फुटबॉलचे लोक खवळले, ते दार रग्बीत गाजावाजा न होता जवळजवळ लागलेलेच आहे. त्याच न्यूकॅसलला 2025 मध्ये रेड बुल या पेय-कंपनीने विकत घेऊन स्वतःचे नाव दिले. जर्मनीत लाइपझिगच्या क्लबापायी ज्या कंपनीविरुद्ध फुटबॉलचे प्रेक्षक वर्षानुवर्षे फलक धरून उभे राहतात, तीच ही. ट्विकनहॅम या इंग्लंडच्या रग्बी मैदानाचे नावही 2024 पासून विमा कंपनीचे आहे.

मग काय करावे? माझे मत असे की खेळ बदलण्यापेक्षा पायरी बदलावी. विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला नेण्यास 2002 मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा प्रेक्षकांनी स्वतःचा नवा क्लब काढला, अगदी तळापासून सुरुवात केली आणि तो पुन्हा लीगमध्ये आणला. ग्लेझर कुटुंबाने 2005 मध्ये मँचेस्टर युनायटेड घेतल्यावर वैतागलेल्यांनी एफसी युनायटेड स्थापन केला. आमच्या गावातही 2023 पासून गिग लेन या जुन्या मैदानावर पुन्हा फुटबॉल सुरू झाले आहे. विभाग फार खालचा आहे, पण खेळाडू आणि आम्ही एकाच चहाच्या खिडकीसमोर रांगेत असतो. जुन्या दिवसांच्या आठवणी काढणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की ते दिवस ब्रॅडफर्ड, हायसेल आणि हिल्सबरो या मैदानांवर प्रेक्षकांचे जीव घेणाऱ्या दुर्घटनांचेही होते. प्रेक्षकांना पिंजऱ्यात उभे करणारे फुटबॉल परत यावे असे मला मुळीच वाटत नाही.

फिजिओ पुणे

वरील चर्चेत एक विषय कोणीच काढला नाही म्हणून लिहिते. रग्बीचे आकर्षण सांगताना त्यातील टकरींचे वर्णन कौतुकाने केले जाते. त्या टकरींचे पुढे काय होते हे आम्हाला दवाखान्यात पाहावे लागते.

इंग्लंडने 2003 चा विश्वचषक जिंकला त्या संघातील स्टीव्ह थॉम्प्सन यांना चाळिशीतच स्मृतिभ्रंशाचे निदान झाले आणि तो अंतिम सामना आपल्याला आठवत नाही असे त्यांनी डिसेंबर 2020 मध्ये जाहीरपणे सांगितले. त्यांच्यासह अनेक माजी खेळाडूंनी खेळाच्या प्रशासकांविरुद्ध कायदेशीर कारवाई सुरू केली. त्यानंतर बदल झाले आहेत: इंग्लंडमध्ये क्लब आणि शाळांच्या पातळीवर 2023 पासून टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडणे) छातीच्या हाडाखालीच करावा लागतो, आणि वरच्या पातळीवर 2024 पासून डोक्याला बसलेला धक्का मोजणारे दातरक्षक वापरात आले आहेत. मात्र आपण पाहत असलेला खेळ माणसाच्या मेंदूला परवडणारा आहे की नाही याचा निकाल अजून लागलेला नाही, हे तिकीट काढताना माहीत असावे.

फुटबॉलचे पाठीराखे यावर लगेच खूश होतील, म्हणून हेही सांगते की ग्लासगो विद्यापीठाच्या 2019 मधील अभ्यासात माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे साडेतीन पट आढळले होते. तेथे चेंडू डोक्याने मारण्याकडे बोट दाखवले जाते. घरात लहान मूल खेळायला लागणार असेल तर कोणत्याही क्लबात प्रशिक्षकाला पहिला प्रश्न हा विचारावा की डोक्याला मार लागल्यावर मुलाला बाहेर काढण्याचा अधिकार कोणाचा आहे आणि त्याला परत कधी घेतात. उत्तर देताना तो घुटमळला तर दुसरा क्लब पाहावा.

पेठेतला प्रेक्षक (कोल्हापूर)

आम्ही तालमींच्या फुटबॉलवर वाढलेले लोक. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की क्लबाचा मालक कोण, हा प्रश्नच कोणाच्या डोक्यात येत नाही, कारण संघ पेठेचा असतो. त्यामुळे गिगलेन शेजारी यांचे म्हणणे मला लगेच समजले, आणि रात्री जागून पाहिलेली प्रीमियर लीग अलीकडे का नकोशी वाटते तेही थोडे समजले.

पण रग्बीचे काही जमले नाही, हे स्पष्टच लिहितो. 2023 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना मोठ्या उत्साहाने मध्यरात्रीनंतर लावला. दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला 12-11 असे हरवले आणि विजेत्या संघाने एकही ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणे) केला नाही. चारही वेळा पेनल्टी मारून गुण घेतले. मधला बराच वेळ स्क्रम (चेंडूसाठी दोन्ही संघांच्या खेळाडूंनी एकमेकांत अडकून ढकलणे) लावणे, तो कोसळणे आणि पुन्हा लावणे यांतच गेला. शिट्टी का वाजली हे मला दहापैकी सात वेळा कळले नाही, आणि समालोचकांनाही ते नेहमी कळत असावे असे वाटले नाही. फुटबॉल शेंबड्या पोरालाही पाच मिनिटांत समजतो. ज्या खेळात चूक कोणाची हे सांगायला रेफरीच्या गळ्यात ध्वनिक्षेपक अडकवावा लागतो, त्याच्या उघडेपणाचे कौतुक करावे की कीव करावी?

लेस्टरवासी

सर्वांचे आभार. टायगर्सच्या दंडाची गोष्ट मी दुसऱ्याच दिवशी कचेरीत काढली. तिघे गप्प बसले आणि चौथ्याने सॅरासन्सकडे बोट दाखवले, तेव्हा निष्ठा कशी बसते या माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तेथेच मिळाले असे म्हणायला हरकत नाही.

गिगलेन शेजारी यांचा पायरी बदलण्याचा सल्ला मोलाचा आहे, मात्र एक अडचण आहे. माझा क्लब वाईट वागला म्हणून मी शेजारच्या लहान क्लबाकडे गेलो तर तेथे मी पाहुणाच राहणार. रग्बीत मी मुळातच नवखा असल्यामुळे पाहुणा असण्याची लाज वाटत नाही. कदाचित माझ्या सहकाऱ्यांना त्याच मोकळेपणाची ओढ असेल. ज्या खेळात आपले काही अडकलेले नाही तो खेळ पाहताना पराभव घरी आणावा लागत नाही.

टचलाइन (कार्डिफ)

लेस्टरवासी, ती सुटी एक-दोन हंगामच मिळते. सहाव्या-सातव्या सामन्यानंतर आपणही सॅरासन्सकडे बोट दाखवू लागाल.

कोल्हापूरच्या मित्रांनी उपस्थित केलेला आक्षेप मी गंभीरपणे घेतो. रक म्हणजे जमिनीवरच्या चेंडूवर दोन्ही संघांच्या खेळाडूंची जी झुंबड होते, तेथे एका क्षणी चार-पाच गुन्हे घडत असतात आणि त्यातला कोणता पकडायचा हे रेफरीवर असते. हा त्या खेळाचा दोष आहे आणि तो मी शिट्टी हातात असताना रोज अनुभवतो. तरीही पाहण्याची एक रीत सांगतो. चेंडूकडे पाहू नये. टॅकल झाल्यावर बचाव करणाऱ्या संघाचे किती खेळाडू त्या झुंबडीत अडकले आणि किती उभे राहिले ते मोजावे. उभे असलेले कमी होत गेले की पुढच्या दोन-तीन टप्प्यांत कोठेतरी फट पडणार हे आधीच दिसू लागते, आणि मग तीच धडपड, जी निरर्थक ढकलाढकल वाटत होती, ती प्रतिस्पर्ध्याची माणसे खर्ची घालण्याची योजना आहे हे कळते. कबड्डी पाहिलेल्या माणसाला गड्यांचा हिशेब शिकवावा लागत नाही. सुरुवात मात्र विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापासून करू नये; तेथे सगळेच हातचे राखून खेळतात. 2015 मध्ये ब्रायटनला जपानने दक्षिण आफ्रिकेला 34-32 असे हरवले, तो सामना पाहावा. अखेरच्या मिनिटांत पेनल्टी मारून बरोबरी साधणे सहज शक्य असताना जपानच्या कर्णधाराने स्क्रम मागितला आणि शेवटच्या क्षणी कोपऱ्यात ट्राय झाला.

आणखी एक माहिती, आपल्याकडचा धागा म्हणून. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी खेळतात त्याचे नाव कलकत्ता कप. कलकत्त्यातील इंग्रजांचा रग्बी क्लब 1870 च्या दशकात मोडकळीस आला, तेव्हा सभासदांनी खात्यावर उरलेले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्यांचा चषक घडवून 1878 मध्ये इंग्लंडच्या संघटनेला दिला. मुठींच्या जागी तीन नाग आहेत आणि झाकणावर हत्ती. 1988 मध्ये दोन्ही संघांच्या खेळाडूंनी सामन्यानंतरच्या रात्री तो एडिंबराच्या रस्त्यांवर असा काही फिरवला की चांदीला पोचे पडले. रग्बीपटूंच्या सभ्यतेविषयी वर जे लिहिले गेले त्यात एवढी भर घालून ठेवावी.

पुण्याच्या ताईंनी लिहिलेले मात्र मी खोडू शकत नाही. माझ्या हाताखाली खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना मी त्यांचा प्रश्न जसाच्या तसा पाठवला आहे.

गिगलेन शेजारी (बरी)

पाहुणा असण्याबद्दल लेस्टरवासी यांनी जे लिहिले ते मला पटले नाही. गिग लेनवर परतलेल्यांत अर्धे लोक असे आहेत की ज्यांनी मधल्या वर्षांत दुसरे क्लब, दुसरे खेळ, एकाने तर क्रिकेटसुद्धा करून पाहिले. कोणी त्यांना कोठे होतात असे विचारले नाही. पुढच्या हंगामात मँचेस्टरकडे कामानिमित्त येणे झाले तर एखाद्या शनिवारी या; आमचे सामने तीनलाच सुरू होतात, कारण ते हलवण्यात कोणत्याही वाहिनीला रस नाही.